कॅमेरा सोलापुरातून न्यावा की अमेरिकेत घ्यावा? पाल की एनटीएससी?

शेंगापोळी | १२ डिसेंबर २००६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आम्ही न्यू जर्सीला चाललोय. नवऱ्याचं प्रोजेक्ट दोन वर्षांचं म्हणतायत, पण दोनाची किती होतात ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. जायच्या आधी जानेवारीत आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, मंगळवार पेठेतल्या घरीच. आणि त्याच आठवड्यात गड्डा, आपली सिद्धेश्वराची यात्रा. म्हणजे घर भरलेलं असणार, दादा शिकागोहून येणार, आत्या हुबळीहून.

म्हणून व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय, मिनीडीव्ही टेपवाला. नवी पेठेतल्या दुकानात दाखवतात तो पाल आहे, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीचा. दादा म्हणतो, "मी येताना आणतो, इकडे स्वस्त पडतो." तो अर्थातच एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीचा. त्याच्याकडे स्वतःचाही एनटीएससीच आहे.

आता मला कळत नाहीये ते असं. पाल घेतला तर तिकडच्या टीव्हीवर चालेल का? एनटीएससी घेतला तर आई-बाबा आणि आज्जी इथल्या टीव्हीवर बघू शकतील का? आणि नंतर बदलून घेता येतं म्हणतात, ते कितपत खरं?

आज्जीला ८१ दिव्यांनी ओवाळणार आहेत. ते एकदाच होणार. म्हणून आधी विचारतेय.

---

चादरवाला | १२ डिसेंबर, रात्री १०.०५

घरात मोठ्याने वाचलं, "पाल घेऊ का?" बायको झाडू घेऊन आली.

आज्जींना नमस्कार. उत्तर जाणकार देतील, मी वाचायला बसलोय.

---

हुतात्मा_एक्स्प्रेस | १२ डिसेंबर, रात्री १०.३०

साधा नियम आहे: जिथे बघणार तिथलं घ्यायचं. भारत, आखाती देश, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे पाल. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, जपान, कोरिया, फिलिपाइन्स इथे एनटीएससी. फ्रान्स आणि रशियाचं तिसरंच, सेकाम.

तू कायमची जाणार नाहीस ना? मग पाल.

---

कडकभाकरी | १३ डिसेंबर, सकाळी ७.१५

मस्कतहून. आमच्याकडे पाल, त्यामुळे सोलापूर-मस्कत करताना मला हा प्रश्न कधी पडलाच नाही. पण मेहुण्याने अमेरिकेतून आणलेला कॅमेरा मला दिला होता. इथल्या जुन्या टीव्हीला जोडला तर चित्र काळंपांढरं आणि वरून खाली सरकत राहायचं. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला केक सारखा छताकडून जमिनीकडे चाललेला! नवा टीव्ही घेतल्यावर तीच टेप लख्ख दिसली. म्हणजे कॅमेऱ्यात दोष नव्हता, टीव्हीला ते समजत नव्हतं.

---

बे_एरिया | १३ डिसेंबर, सकाळी ९.५०

हुतात्माशी असहमत. "जिथे बघणार तिथलं" हा नियम बरोबर असला तरी त्यातून उत्तर उलटं निघतं.

भारतात आता मिळणारे बहुतेक टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर दोन्ही चालवतात. आपला टीव्ही म्हणजे सोलापूरकरच. मराठी बोला, कन्नड बोला, तेलुगू बोला, त्याला सगळं समजतं. इकडच्या, अमेरिकेतल्या टीव्हीला फक्त इकडचीच भाषा येते. पाल कॅमेरा तारेने इथल्या टीव्हीला जोडलास तर कडकभाकरींचा केक होईल. पालची डीव्हीडी इथले पुष्कळ प्लेअर आतच घेत नाहीत.

मग जे दोन्हीकडे चालतं ते घे. दादाला सांग, आण बे म्हणावं. (मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहतो म्हणून बे नाही म्हणत, मी आधीपासूनच सोलापूरचा आहे.)

---

शेंगापोळी | १३ डिसेंबर, सकाळी १०.२०

झालं! दोन उत्तरं, दोन्ही पटणारी.

आई-बाबांचा टीव्ही ७-८ वर्षांचा आहे. रिमोटवर 'सिस्टम' असं बटण आहे. ते दाबलं की पडद्यावर काहीतरी अक्षरं येतात. ते हेच का?

---

जुना_अँटेना | १३ डिसेंबर, दुपारी ३.०५

हो पोरी, ते हेच. दाबत राहा, पाल, सेकाम, एनटीएससी असं एकेक येईल. तिथे एनटीएससी ३.५८ आणि ४.४३ (रंगाच्या लहरीचे मेगाहर्ट्झ) असं दोनदा दिसलं तर समज की टीव्ही सगळं घेतो.

मी १९८३ पासून सोलापुरात टीव्ही दुरुस्त करतो. आदल्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं. त्या काळात कोण दुबईचा व्हीसीआर आणायचा, कोण अमेरिकेचा. अमेरिकेचा असला की दोन रडगाणी. एक, तो ११० व्होल्टचा, सरळ बोर्डात लावला की धूर. दुसरं, एनटीएससी. आम्ही टीव्हीत ३.५८ चा वेगळा क्रिस्टल बसवून रंग आणायचो.

मुळात हा फरक आला विजेवरून. त्यांची वीज ६० हर्ट्झची, म्हणून चित्राची फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, सेकंदाला ६०. आपली ५० ची, म्हणून ५०. त्यांच्या चित्रात ५२५ ओळी, आपल्या ६२५. त्यांच्याकडे १९५३ साली रंग आला, तेव्हा रंगाची लहर आवाजाच्या लहरीत मिसळू नये म्हणून ६० चं ५९.९४ केलं. तरी वाटेत रंग ढळायचाच. माणूस हिरवा नाहीतर जांभळा दिसायचा. मग जर्मनीत टेलिफुंकन कंपनीत वाल्टर ब्रुख नावाच्या गृहस्थांनी पाल काढलं. एका ओळीत रंगाची दिशा सुलटी, पुढच्या ओळीत उलटी. वाटेत चूक झालीच तर एका ओळीत ती डावीकडे पडते, दुसरीत उजवीकडे, आणि दोन्ही मिळून फिटून जाते. नव्या पोरांना शिकवताना मी अजून हे पाटीवर काढून दाखवतो. इतकं देखणं काम आहे ते.

आता तुझ्या कामाचं. मिनीडीव्ही डिजिटल आहे, त्यामुळे टेपवर हे रंगाचं भांडण नसतंच. उरतात ओळी आणि वेग. पाल टेपवर ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. एनटीएससीवर ४८० ओळी, साधारण ३०. कॅसेट तीच, ६० मिनिटांची. कोरी कॅसेट कुठलीही घे, पाल-एनटीएससी कॅसेटला नसतं, कॅमेऱ्याला असतं. आणि बदलण्याचं म्हणशील तर ५७६ च्या ४८० करता येतात. ४८० च्या ५७६ करता येतात, पण जे टिपलंच नाही ते कुठून येणार? वेग बदलणं त्याहून वाईट. २५ ची ३० करायची तर वरची पाच चित्रं कुठून आणायची? शेजारशेजारची दोन मिसळून. गड्ड्यातला नंदीध्वज, ती उंच काठी, संथ चालत असतो तेव्हा कळणार नाही, पण तू कॅमेरा भर्रकन फिरवलास की काठीमागे दुसरी फिकट काठी दिसेल.

---

चादरवाला | १३ डिसेंबर, दुपारी ३.४०

अण्णा, शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर चादरी विकत नसतो बसलो. सलाम.

---

पूर्वेचा_पाहुणा | १३ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

अवांतर, पण राहवत नाही. अण्णांनी वीज आणि टीव्हीचं नातं सांगितलं. जपानमध्ये ते नातं अर्ध्या देशात तुटलंय. टोकियोत वीज ५० हर्ट्झ, ओसाकात ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीहून जनरेटर आणले आणि ओसाकाने अमेरिकेहून. ते आजतागायत तसंच आहे. टीव्ही मात्र अख्ख्या देशात एनटीएससी.

म्हणून टोकियोत ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं की माझ्या कॅमेऱ्यात चित्र धडधडतं. शनिवारी शिंकानसेनने ओसाकाला गेलो, त्याच कॅमेऱ्यात, तशाच ट्यूबखाली, एकदम शांत. आधी वाटलं कॅमेरा बिघडला.

---

लग्नाचा_कॅमेरा | १३ डिसेंबर, रात्री ११.५०

आत्ताच हळदीचं शूट आटपून आलो. जपानवाल्या भावाने नेमकं दुखणं सांगितलं. माझ्या मते सगळा निर्णय इथेच आहे.

टीव्ही कुठला, प्लेअर कुठला, हे पाच वर्षांत बदलेल. टेपवर एकदा उतरलेली धडधड कधीच निघत नाही.

साध्या चोकची ट्यूब आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला दिसत नाही. पाल कॅमेरा सेकंदाला ५० वेळा बघतो, म्हणजे दरवेळी बरोबर दोन झळा त्याच्या वाट्याला येतात, उजेड सारखा. एनटीएससी कॅमेरा ६० वेळा बघतो. त्याला कधी दीड झळ मिळते, कधी पावणेदोन. मग भिंत सेकंदाला वीसेक वेळा उजळल्या-मावळल्यासारखी होते. गेल्या उन्हाळ्यात जुळे सोलापुरात एका मंगल कार्यालयात नवरीच्या मामांनी अमेरिकेचा कॅमेरा आणला होता. माझ्याशेजारी उभं राहून तेच शूट केलं. त्यांची टेप बघून त्यांच्या आईंना गरगरायला लागलं.

उपाय आहे. एनटीएससी कॅमेऱ्याचं शटर हाताने १/१०० सेकंदावर बांधायचं. एक उघडझाप, एक झळ. पण उजेड कमी पडतो, चित्रात दाणे येतात. संध्याकाळी घरात, दिव्यांचं ओवाळणं, आणि वर १/१००? मी तर नाही करणार.

ताई, आज्जींच्या घरात ट्यूब आहेत ना? मग पाल घ्या. अमेरिकेत गेल्यावर घरात, दुकानात शूट करताना शटर १/६० करा, तिकडच्या ट्यूब १२० झळांच्या असतात. ५० च्या कॅमेऱ्याला १/६० जमतं, उजेडही फारसा कमी होत नाही. शटर हाताने ठरवता येईल असाच कॅमेरा घ्या. दुकानात मेनू उघडून स्वतः बघा, नुसतं विचारू नका.

---

बे_एरिया | १४ डिसेंबर, सकाळी ८.३०

हे मला माहीत नव्हतं. माझ्या २००४ च्या गड्ड्याच्या टेपा काढून बघितल्या. दिवसाच्या उन्हातल्या मस्त आहेत, पांढऱ्या बाराबंद्या, "हर्र बोला हर्र", सगळं. रात्रीच्या, होम मैदानावरच्या स्टॉलमधल्या, थरथरताहेत. मला वाटत होतं जनरेटरचा लोचा.

तरी माझा मुद्दा राहतोच: इकडे बघणार कशी?

---

हुतात्मा_एक्स्प्रेस | १४ डिसेंबर, सकाळी ९.१०

संगणकावर. फायरवायरच्या केबलने लॅपटॉपमध्ये उतरवायचं. संगणकाला पाल काय नि एनटीएससी काय, दोन्ही सारखीच. फक्त जागा लागते, एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी.

आणि तिकडेही दोन्ही चालवणारे डीव्हीडी प्लेअर मिळतात, जरा शोधायचे. प्लेअरच आतल्या आत बदल करून टीव्हीला देतो. मूळ टेपला कुणी हात लावत नाही.

---

रूपाभवानी | १४ डिसेंबर, दुपारी १२.००

लेस्टरहून. इकडे पाल आहे म्हणून आम्ही बिनधास्त इथला टीव्ही सोलापूरला पाठवला सासऱ्यांना. चित्र आलं, आवाजच येईना! शेवटी कळलं की इंग्लंडचं पाल आणि भारताचं पाल अँटेनावर वेगळं. आवाज इकडे चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर असतो, तिकडे साडेपाचवर. कॅमेरा तारेने जोडला की काही त्रास नाही. अँटेनावरच्या मालिका मात्र सासूबाईंनी तीन महिने मुक्या बघितल्या.

शेंगापोळी, नावच असं घेतलंयस की इथे बसून भूक लागते. संक्रांतीची एखादी पोळी माझ्या वाट्याची खा.

---

चादरवाला | १४ डिसेंबर, दुपारी १२.४०

एवढ्या भानगडी कशाला? आता सरळ डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे कॅमेरे आलेत. तबकडी काढली, प्लेअरमध्ये घातली, झालं.

---

लग्नाचा_कॅमेरा | १४ डिसेंबर, दुपारी २.२०

चादरवाले दादा, ती ८ सेंटीमीटरची छोटी तबकडी चांगल्या दर्जात २० मिनिटांत भरते. आज्जींना ८१ दिव्यांनी ओवाळायला बायकाच किती! शिवाय शेवटी फायनलाइज, म्हणजे रेकॉर्डिंग बंद करून पक्की, केली नाही तर दुसऱ्या प्लेअरवर उघडत नाही. आणि तीसुद्धा पाल किंवा एनटीएससीच असते, ती भानगड सुटत नाही. टेप जुनी वाटते, पण एखादी जागा खराब झाली तर तेवढीच जाते. तबकडीला चरा पडला तर सगळीच रडते.

---

शेंगापोळी | १६ डिसेंबर २००६, रात्री ८.००

घेतला! पाल. दुकानात मेनू उघडायला लावला, शटर १/६०, १/१००, १/१२० सगळं आहे. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे तिकडे फक्त पिन बदलायची.

दादा थोडा रुसलाय. तो त्याचा एनटीएससी घेऊन येणारच आहे, म्हणतो बघू कुणाचं चांगलं येतं. त्याला १/१०० सांगितलंय. अण्णा, लग्नाचा कॅमेरा, सगळ्यांनाच मनापासून धन्यवाद.

---

शेंगापोळी | २५ जानेवारी २००७, रात्री १०.१५

कळवायचं राहिलं होतं. कार्यक्रम फार सुंदर झाला. चार टेपा भरल्या. आज्जीने दुसऱ्या दिवशी आई-बाबांच्या टीव्हीवर पूर्ण बघितलं, पायाखाली पाट घेऊन. मध्येच म्हणाली, "मी इतकी वाकले होय गं?"

दादाने १/१०० ठेवलं नाही. आपोआपवरच शूट केलं. परत जाण्याआधी त्याच्या टेपांची एका स्टुडिओतून पालमध्ये बदलून डीव्हीडी करून घेतली. ती धडधडतेय, आणि कॅमेरा फिरला की सगळे दोन-दोन दिसतात. टेपा मात्र त्याने इथेच ठेवल्यात.

---

शेंगापोळी | ९ नोव्हेंबर २००८, सकाळी ६.४०

लेकीच्या पाळणाघरातल्या कार्यक्रमाचं शूट केलं आणि १/६० करायचं विसरले. आता मला कळलं गरगरतं म्हणजे काय. कॅमेऱ्यावर बारीक कागद चिकटवलाय: "इकडे ६०, तिकडे आपोआप".

---

शेंगापोळी | ३ ऑक्टोबर २०२४, रात्री ११.३०

धागा वर काढतेय. सोळा वर्षांनी.

दोनाची अकरा झाली. २०१८ मध्ये परत आलो, आता विजापूर रोडला राहतो. आज्जी २०११ मध्ये गेली. आम्ही तिकडेच होतो.

या गणपतीत मंगळवार पेठेतलं घर आवरायला काढलं. माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टेपा सापडल्या, माझ्या तिकडून पाठवलेल्या प्रती, मूळ चार, आणि दादाच्या सहा. माळ्यावर! सोलापूरचा मे महिना सतरा वेळा खाल्लाय त्यांनी. वाचणाऱ्यांनी आपापल्या आईला आत्ता फोन करून टेपा माळ्यावरून खाली काढायला सांगा. खालच्या कपाटात, उभ्या, आतली फीत पूर्ण मागे गुंडाळून.

माझा कॅमेरा अजून चालतो. आताच्या लॅपटॉपला फायरवायरचं तोंडच नाही. अण्णांच्या दुकानात एक जुना डेस्कटॉप होता, त्यात फायरवायरचं कार्ड. दोन दिवस त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून टेपा उतरवल्या. टेपेची फिल्म ड्रमवर चढते तेव्हा जो बारीक घूं आवाज येतो, तो ऐकून घशाशी आलं. काही ठिकाणी चित्रात चौकोन उठतात, आवाज तुटतो. पण आहे. सगळं आहे.

ओवाळणं चालू आहे. आत्याचं ताट पुढे येतं. मी कॅमेऱ्यामागून म्हणतेय, "आज्जी, इकडं बघ की." ती बघत नाही. ताटातला एक दिवा विझत आलाय, ती दोन बोटांनी वात पुढे ओढते, बोट पदराला पुसते आणि मग आत्याला म्हणते, "हं, आता ओवाळ." भिंत शांत आहे. एकदाही थरथरत नाही. लग्नाचा कॅमेरा, तुम्ही कुठे असाल तिथे, हे तुमच्यामुळे.

अडलंय ते दादाच्या टेपांवर. माझ्या कॅमेऱ्यात घातल्या की नुसता निळा पडदा. एनटीएससी. त्याने त्याचा कॅमेरा तिकडे कधीच देऊन टाकला. त्याच्या टेपांत स्वयंपाकघर आहे, मी तिकडे गेलेच नव्हते. आज्जी आदल्या रात्री शेंगा भाजत होती ते फक्त त्याच्याकडे आहे. धडधडत असेल तर धडधडू दे. चालू कॅमेरा कुणाकडे आहे का?

---

साखरपेठ_२००० | ४ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९.२०

ताई, वाचून गप्प झालो. हे सगळं माझ्या जन्माच्या आसपासचं दिसतंय.

माझा प्रश्न त्यातलाच आहे. जानेवारीत कॅनडाला शिकायला चाललोय, मिररलेस कॅमेरा घेतलाय. मेनूमध्ये अजूनही पाल/एनटीएससी लिहिलंय. आता टेप नाही, टीव्हीचा अँटेना नाही, मग हे अजून का? कुठलं ठेवू?

---

लग्नाचा_कॅमेरा | ४ ऑक्टोबर २०२४, दुपारी १.१०

मी आहे इथेच ताई. आता मुलगा शूट करतो, मी एडिटिंगला बसतो. तुमचं वाचून त्याला दाखवलं.

साखरपेठ, नावं जुनी राहिली, अर्थ आता फक्त वेगाचा. पाल म्हणजे २५ आणि ५०, एनटीएससी म्हणजे २४, ३० आणि ६०. ओळी दोन्हीकडे सारख्याच, ५७६-४८० चा वाद एचडीबरोबर संपला. पण वीज तीच आहे ना! आपले स्वस्त एलईडीसुद्धा १०० झळा मारतात, तिकडचे १२०. म्हणून नियम तोच: जिथे शूट करतोयस तिथलं. सोलापुरात पाल, शटर १/५०. कॅनडात उतरलास की एनटीएससी, शटर १/६०. तुझ्या आधीच्या लोकांना अख्खा कॅमेरा बदलावा लागायचा, तुला एक बटण पुरतं. काही कॅमेरे हे बदलल्यावर कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून आधी कार्ड रिकामं करून घे. नाहीतर गड्डा पुसून जाईल.

आणि एकाच फिल्ममध्ये २५ आणि ३० मिसळू नकोस. मिसळायचंच असेल तर ज्याचं शूटिंग जास्त त्या वेगावर दुसरं आण.

---

बे_एरिया | ४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.००

एक भर: ५० चं शूटिंग फाइल म्हणून संगणकावर, फोनवर कुठेही चालतं. पण कॅमेरा एचडीएमआयने इथल्या टीव्हीला जोडून दाखवायला गेलास तर काही टीव्ही अजूनही ५० नाकारतात. २००६ मध्ये मी जे म्हणत होतो त्यातलं एवढंच उरलंय.

शेंगापोळी, काय बे, एवढ्या वर्षांनी आलीस आणि रडवलंस. माझा एनटीएससी कॅमेरा आहे. मिनीडीव्ही. चालतो. २००४ चा गड्डा त्यातच आहे, म्हणून टाकला नाही. आम्ही संक्रांतीला येतोय, आईकडे. कॅमेरा आणि फायरवायरची केबल घेऊन येतो.

---

शेंगापोळी | ४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.०५

खरंच?

---

जुना_अँटेना | ५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८.१५

डेस्कटॉप विकत नाही, ठेवतो. तोपर्यंत त्या सहा टेपा कुठल्याच कॅमेऱ्यात घालू नकोस. इतकी वर्षं उन्हात पडलेली टेप एकदाच नीट चालेल असं धरून वागायचं. संक्रांतीपर्यंत घरात थंड जागेत राहू दे, मग आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती फिरवून घेऊ, त्यानंतर उतरवू.

बे एरिया, येताना हेड क्लीनिंगची कॅसेट मिळाली तर बघ. इथे आता मिळत नाही.

---

बे_एरिया | ५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८.४०

आहे अण्णा, न फोडलेली. चार्जरही आहे, १००-२४०. तिकडे चपट्या पिनेला लागणारा अडॅप्टर तेवढा काढून ठेवा.

---

शेंगापोळी | ५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९.००

अडॅप्टर माझ्याकडे आहे, तिकडून येतानाचा. टेपा आईच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात उभ्या ठेवल्या. दादाला फोन केला, तोही संक्रांतीचं तिकीट बघतोय. रूपाभवानी, लेस्टरला असशील तर कळव, पोळी पाठवते.